लग्नाचा केक ठरवताना: आधी जागा आणि वेळ, मग चव, फोटो सगळ्यांत शेवटी

लग्नाच्या केकची चौकशी करायला माझ्याकडे येणारी बहुतेक मंडळी खुर्चीवर बसण्याआधीच मोबाइल पुढे करतात आणि "ताई, अगदी असाच हवा" असे सांगतात. फोटोत पाच मजली, दुधासारखा पांढरा, कडेने ताज्या फुलांची वेल सोडलेला केक असतो. तो कोणत्या देशात, कोणत्या ऋतूत आणि किती थंड खोलीत उभा होता, हे मात्र फोटोत दिसत नाही. पुण्यात घरून केकचे काम सुरू केल्यावर दुसऱ्याच वर्षी मीही अशा एका फोटोला होकार देऊन बसले होते. मे महिना, उघडे लॉन, पत्रिकेवर स्वागत समारंभाची वेळ संध्याकाळी साडेसात. मी सात वाजता केक टेबलावर मांडला आणि वधूवर मंचावर आले सव्वानऊला. तोवर दोन मजल्यांमधली व्हिप क्रीमची रेघ पुसट झाली होती, गुलाब बोटभर खाली सरकले होते आणि वरचा मजला मंचाच्या बाजूला हलकेच कलला होता. फोटोग्राफरने कोन बदलून वेळ मारून नेली. चूक सर्वस्वी माझी होती, कारण मी फोटो पाहून केक ठरवला होता. घड्याळ आणि हवा यांची चौकशीच केली नव्हती.

तेव्हापासून मी क्रम उलटा केला आहे. आधी जागा आणि वेळ, मग माणसांची संख्या, मग घरातले खाण्यापिण्याचे नियम, त्यानंतर आवरण, त्या आवरणाला झेपेल अशी चव आणि सर्वांत शेवटी रूप. केकची शैली आणि केकची चव या दोन वेगळ्या निवडी आहेत असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात त्या एकमेकींच्या पायात पाय अडकवून चालतात, आणि ते लवकर ध्यानात आले तर पुढचे बरेच वाद टळतात.

पहिली पायरी: जागा, वेळ आणि हवा

केक कोणत्या खोलीत, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत उभा राहणार आहे, हे कागदावर लिहून काढा. कार्यालयाचा हॉल वातानुकूलित आहे की नुसते पंखे आहेत, वातानुकूलन पाहुणे यायच्या आधी सुरू होते की आल्यावर, केकचे टेबल हॅलोजन दिव्यांखाली येते का, हे व्यवस्थापकाला स्पष्ट विचारावे. पत्रिकेवरच्या वेळेत किमान दीड तास मिळवला की केक कापण्याची खरी वेळ निघते; आपल्याकडच्या स्वागत समारंभांत आहेराची रांग संपल्याशिवाय केकचा विषय निघत नाही.

हे एवढे बारकाईने पाहण्याचे कारण साधे आहे. लोणी साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळते, पण त्याच्या बऱ्याच आधी, म्हणजे सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या अंशालाच, ते मऊ पडून वरच्या नक्षीचे काठ बोथट व्हायला लागतात. एप्रिल-मेमध्ये पुणे, नाशिक, नागपूर येथे संध्याकाळी सात वाजताही उघड्यावर पारा तिशीच्या वर असतो. मुंबईत आणि कोकणात उष्म्याच्या जोडीला दमट हवा येते. साखरेचे फॉन्डंट (पोळीसारखे लाटून केकवर पांघरायचे गुळगुळीत आवरण) हवेतली ओल शोषून घेते, त्यामुळे ते चिकट होते, चमकू लागते आणि त्यावर चिकटवलेली साखरेची फुले मान टाकतात. हिवाळ्यातली पुण्याची संध्याकाळ असेल तर यांतले जवळजवळ काहीच अडचणीचे नाही. म्हणून एकच केक डिसेंबरात शहाण्यासारखा वागतो आणि मे महिन्यात रुसतो.

दुसरी पायरी: किती माणसे, किती किलो

आपल्याकडे केक किलोवर विकला जातो, परदेशातल्या फोटोंखाली मात्र इंच आणि माणसे लिहिलेली असतात, त्यामुळे गोंधळ होतो. चार इंच उंचीचा गोल केक धरला आणि एक इंच रुंद, दोन इंच लांब असा उभा तुकडा कापला, तर सहा इंचाच्या केकचे साधारण १२, आठ इंचाचे २४ आणि दहा इंचाचे ३८ तुकडे होतात. म्हणजे दहा-आठ-सहा अशा तीन मजल्यांत सुमारे ७४ माणसे भागतात आणि वजन, भरावानुसार, सहा किलोंच्या आसपास भरते. व्यास दोनच इंचांनी वाढला तरी केक बराच मोठा होतो, हे विसरू नये: आठ इंचाचा केक सहा इंचाच्या जवळजवळ पावणेदोनपट असतो.

हा तुकडा ७५-८० ग्रॅमचा झाला. ज्या पंगतीत किंवा बुफेत जिलेबी, बासुंदी, गुलाबजाम आधीच झालेले आहेत तिथे एवढा केक कुणी संपवत नाही आणि पाने धुणाऱ्याच्या टोपलीत साखरच दिसते. जेवणानंतर द्यायचा असेल तर माणशी ४० ते ५० ग्रॅम पुरतो. जेवणात दुसरे गोड नसेल आणि केक हेच मिष्टान्न असेल, तर ८० ते १०० ग्रॅम धरावा. तीनशे पाहुण्यांच्या समारंभाला ५० ग्रॅमने १५ किलो होतात. हे १५ किलो एकावर एक रचण्याची काहीही गरज नसते. सहा किलोंचा सजवलेला केक मंचाजवळ ठेवावा आणि उरलेला त्याच चवीचा साधा चौकोनी स्लॅब स्वयंपाकघरात तयार ठेवावा. वाढपी तिथूनच तुकडे करून ताटल्या फिरवतात आणि कुणाला फरक कळत नाही. सजावटीचे काम फक्त सहा किलोंवर होत असल्याने खर्चही आटोक्यात राहतो.

उंच केकचा सोस असेल तर खालचे एक-दोन मजले नुसते दिखाऊ ठेवता येतात. पूर्वी त्यासाठी थर्माकोल सर्रास वापरत. आपल्या राज्यात २०१८ पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे, तेव्हा दिखाऊ मजला कशाचा आहे आणि तो परत नेला जाणार आहे का, हे विचारून घ्यावे. वधूवर सुरी फिरवणार तो मजला मात्र खरा हवा. सांगायला हास्यास्पद वाटते, पण दिखाऊ मजल्यात सुरी घुसवण्याचा प्रयत्न मी दोनदा पाहिला आहे.

तिसरी पायरी: घरातले नियम

अंडे चालणार की नाही हा प्रश्न "आम्हाला चालतं" एवढ्यावर सोडू नये. वधूवरांना चालते, पण समारंभ गुरुवारी किंवा संकष्टीला असला तर आत्याबाई, मामी आणि निम्मा मित्रपरिवार हात लावत नाही. माझे मत असे की पाहुण्यांत दहा-पंधरा जणही अंडे न खाणारे असतील, तर सगळाच केक एगलेस करावा. एक मजला अंड्याचा आणि एक बिनअंड्याचा अशी वाटणी कागदावर चांगली दिसते. प्रत्यक्षात दोन्ही मजल्यांतून एकच सुरी फिरते आणि वाढप्याला कुठला तुकडा कुठला हे दहा मिनिटांत आठवेनासे होते.

कंडेन्स्ड मिल्क किंवा दही आणि सोडा यांवर केलेला एगलेस केक आज चवीला कुठेही कमी नसतो, फक्त तो थोडा नाजूक आणि ठिसूळ असतो, म्हणून खालच्या मजल्याला आधाराच्या काड्या जास्त द्याव्या लागतात. अंडे नाही म्हणजे पूर्ण शाकाहारी, असेही समजू नये. काही फॉन्डंटमध्ये, मार्शमॅलोमध्ये आणि मूसमध्ये जिलेटिन असते, आणि ते प्राण्यांपासून मिळते. जैन पाहुणे असतील तर हा प्रश्न आवर्जून विचारावा.

दुसरा नियम मद्याचा. वसई, मुंबई आणि गोव्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांत रममध्ये मुरवलेल्या सुक्या मेव्याचा फ्रूट केक, त्यावर काजू किंवा बदामाचे मार्झिपॅन (त्यांची पूड साखरेत मळून केलेला थर) आणि वर साखरेचे पांढरे कडक आवरण ही जुनी रीत आहे. तिथे रम गृहीत धरलेली असते. मिश्र कुटुंबांच्या लग्नात ती गृहीत धरू नये. मनुका आणि खजूर संत्र्याच्या रसात मुरवूनही चांगला केक होतो, पण तो रमच्या केकइतका टिकत नाही. सुक्या मेव्याची किंवा शेंगदाण्याची कुणाला ॲलर्जी असेल तर टेबलावर छोटी पाटी ठेवावी, कारण मार्झिपॅन पाहून त्यात काजू आहेत हे ओळखू येत नाही.

चौथी पायरी: आवरण

केकची शैली म्हणून आपण जे ओळखतो ते बहुतांशी त्याच्या आवरणावर ठरते, आणि आवरण ठरले की आत काय भरता येईल हेही जवळजवळ ठरून जाते. म्हणून इथे जरा थांबावे.

बेकरीत सर्वाधिक वापरले जाते ते वनस्पती तेलापासूनचे व्हिप क्रीम. ते शुभ्र, हलके आणि कमी गोड असते, आपल्या पाहुण्यांना तेच परिचयाचे आहे आणि ताजी फळे त्याच्यासोबत खुलतात. त्याची मर्यादा म्हणजे ते फ्रिजमधून बाहेर आल्यावर तास-दीड तासाचे सोबती आहे. वातानुकूलित हॉल आणि वेळेवर उरकणारा समारंभ असेल तर दोन मजल्यांपर्यंत ते निश्चिंतपणे घ्यावे. तीन मजले नकोतच.

बटरक्रीम लोण्याचे असते, म्हणून त्याला खरी चव असते आणि सुरीने सपाट केलेल्या कडा, उमटवलेल्या पाकळ्या, थापीचे ओबडधोबड फटकारे असे सगळे त्यात साधते. ते शुभ्र नसते. त्याचा रंग हस्तिदंती येतो, आणि बाजारातले पिवळे खारे लोणी वापरले तर रंग आणि चव दोन्ही बिघडतात. एक वाटी लोण्याला दोन वाट्या पिठीसाखर घालून केलेले साधे बटरक्रीम आपल्या जिभेला फार गोड लागते. अंड्याचा पांढरा साखरेसोबत गरम करून फेटलेला स्विस किंवा त्यात गरम पाक घालून केलेला इटालियन प्रकार कमी गोड आणि रेशमी असतो, पण त्यात अंडे आहे हे लक्षात ठेवावे.

गनाश म्हणजे गरम क्रीममध्ये विरघळवलेले चॉकलेट. आवरणासाठी गडद चॉकलेट क्रीमच्या दुप्पट आणि पांढरे चॉकलेट तिप्पट घेतात, त्यामुळे ते थंड झाल्यावर भिंतीसारखे घट्ट बसते. उन्हाळ्यातल्या लॉनसाठी मी डोळे झाकून आधी गनाश आणि त्यावर पातळ फॉन्डंट हाच सल्ला देते. फॉन्डंटची चव फारशी कुणाला आवडत नाही हे खरे आहे, पण ते सोलून बाजूला ठेवता येते आणि आतला केक त्यामुळेच शाबूत राहिलेला असतो. एक पक्का नियम: फॉन्डंट व्हिप क्रीमवर बसत नाही. क्रीममधले पाणी साखर विरघळवते आणि दोन-तीन तासांत आवरणाला फोड येतात. ज्यांना वरून फॉन्डंटची झुळझुळीत गुळगुळीतता आणि आतून ब्लॅक फॉरेस्ट हवा असतो, त्यांना मी स्पष्टच नाही म्हणते. ब्लॅक फॉरेस्टचा ओला, हवेशीर स्पंज त्या वजनाखाली दबतो.

अंड्याचा पांढरा, पिठीसाखर आणि लिंबू यांचे रॉयल आयसिंग सुकल्यावर खडखडीत होते. ते आता मागे पडले असले तरी फ्रूट केकवर त्याची बारीक जाळीदार नक्षी पाहिली की नजर हटत नाही, आणि फ्रिज लागत नसल्याने दमट गावी ते फॉन्डंटपेक्षा समंजस ठरते. इंग्लंडमध्ये शाही लग्नांचे केक पिढ्यान्‌पिढ्या फ्रूट केकच राहिले, यामागे परंपरेइतकेच बांधकामशास्त्रही होते. व्हिक्टोरिया राणीच्या १८४० मधल्या लग्नाचा केक सुमारे ३०० पौंडांचा, म्हणजे १३६ किलोंचा होता. एलिझाबेथ यांच्या नोव्हेंबर १९४७ मधल्या लग्नाचा केक चार मजली, नऊ फूट उंच आणि ५०० पौंडांचा होता. असा डोलारा सुक्या मेव्याने गच्च भरलेल्या, महिने महिने टिकणाऱ्या केकच्याच खांद्यावर उभा राहू शकतो. मे २०१८ मध्ये हॅरी आणि मेगन यांनी लिंबू आणि एल्डरफ्लॉवर या सुवासिक विलायती फुलाच्या चवीचा, बटरक्रीमने मढवलेला केक निवडला तेव्हा त्याची एवढी चर्चा झाली ती त्यामुळेच. तो मजल्यावर मजला न चढवता वेगवेगळ्या उंचीच्या स्टँडवर मांडला होता, हे त्यातले शहाणपण मला विशेष आवडले. आपल्याकडेही हीच युक्ती नाजूक केकसाठी वापरता येते: तीन केक, तीन उंचीचे स्टँड, आणि कुणाचाही भार कुणावर नाही.

पाचवी पायरी: चव

आता चवीकडे वळावे, आणि वळताना दोन प्रश्न विचारावेत: लग्न कोणत्या महिन्यात आहे आणि जेवणात काय आहे.

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी साधारण डिसेंबर ते मार्च चांगली मिळते, हापूस एप्रिल-मेमध्ये, सीताफळ पावसाळ्याच्या अखेरीपासून दिवाळीच्या पुढेपर्यंत. मोसमातल्या फळाला जो वास असतो तो इसेन्सच्या बाटलीत नसतो. फळ मात्र शिजवून, आटवून घालावे लागते. हापूसचा रस तसाच्या तसा थरांत भरला तर वरचा मजला त्यावरून घसरतो. मंद आचेवर तो निम्मा होईपर्यंत आटवला की आंब्याच्या गोळीसारखा दाट होतो आणि जागेवर राहतो. कच्च्या अननसात ब्रोमेलिन नावाचे एन्झाइम असते. ते जिलेटिन घट्ट होऊ देत नाही आणि दुधाच्या क्रीमला कडवटपणा आणते. शिजवलेल्या किंवा डब्यातल्या अननसाला ही खोड नसते.

जेवण मसालेदार आणि तुपकट असेल तर केकमध्ये आंबटपणा हवा: लिंबू, पॅशनफ्रूट, रास्पबेरी, संत्र्याची साल. जेवणात आधीच केशर-वेलचीचे दोन पदार्थ असतील तर रसमलाई केक तिसरा होतो आणि कुणाच्या लक्षात राहत नाही. रसमलाई, गुलाबजाम, मोतीचूर असे मिठाईचे केक सध्या जोरात आहेत. मला त्यांतला रसमलाईचा पटतो, कारण दुधाचा हलका गोडवा आणि पिस्ते स्पंजला धरून राहतात. गुलाबजाम भरलेल्या केकबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. पाकाचा गोळा सुरीखाली निसटतो आणि तुकड्याला खड्डा पडतो.

खालच्या, भार सोसणाऱ्या मजल्यासाठी घट्ट केक हवा: लोण्याचा व्हॅनिला, चॉकलेट मड, गाजर आणि अक्रोडाचा, किंवा मावा केक. इराणी बेकरीतला वेलचीचा मावा केक सर्वांच्या ओळखीचा आहे, वजन पेलतो, दुसऱ्या दिवशी अधिक चांगला लागतो, आणि त्यावर पांढऱ्या चॉकलेटचे गनाश लावले की लग्नाच्या टेबलावर तो अगदी रुबाबात उभा राहतो. तो कुणी मागत नाही याचेच मला नवल वाटते. कमी वजनाचा, ओला स्पंज आणि ताज्या फळांचा भराव वरच्या मजल्यासाठी ठेवावा.

प्रत्येक मजल्याची चव वेगळी ठेवावी का? दोन चवी ठीक आहेत, त्यांतली एक चॉकलेट असावी म्हणजे मुले खूश राहतात. तीन-चार चवी केल्या की वाढप्यापुढे रांगेत "मला तो दुसरा" सुरू होते आणि एक चव लवकर संपून दुसरी उरते.

सहावी पायरी: चाखणी

लग्नाच्या सहा ते आठ आठवडे आधी चाखणी ठेवावी. चारपेक्षा जास्त चवी एका बैठकीत घेऊ नयेत; पाचव्या घासाला जीभ साखरेने बधिर झालेली असते. सोबत साधे पाणी आणि चिमूटभर मिठाचे फुटाणे ठेवावेत. आणि केक दोनदा चाखावा, एकदा फ्रिजमधून काढल्या काढल्या आणि पुन्हा अर्ध्या-पाऊण तासाने, कारण लोण्याचा केक थंड असताना कोरडा आणि भुसभुशीत लागतो आणि खोलीच्या तापमानाला आला की तोच मऊ होतो. व्हिप क्रीमचे उलटे असते.

एका चाखणीला मुलगी, तिची आई आणि आजी अशा तिघी आल्या होत्या. मुलीने सॉल्टेड कॅरमल पसंत केले, आईने अननस. आजींनी चमच्याच्या टोकाने क्रीम बाजूला केले, नुसता स्पंज बोटांत धरून दाबला, सोडला आणि तो परत फुगतो का ते पाहिले. मग म्हणाल्या, "बाई, हा खालचा तुकडा चांगला आहे, पण वरचं सगळं साखरच आहे हो. तुम्ही ते निम्मं लावा." मी क्रीमचा थर खरोखरच पातळ केला आणि तेव्हापासून चाखणीला प्रत्येक स्पंजचा क्रीम न लावलेला एक तुकडा वेगळा ठेवते. सजावटीखाली कोरडा किंवा सोड्याचा वास मारणारा स्पंज लपतो. तो तसाच खाऊन पाहिल्याशिवाय होकार देऊ नये.

चाखणीचा तुकडा आणि प्रत्यक्ष केक एकाच हाताने, एकाच सामग्रीने होणार आहे ना, आणि लग्नाच्या किती तास आधी स्पंज भाजला जाणार आहे, हेही विचारावे. आदल्या दिवशीचा स्पंज कापायला आणि रचायला उलट चांगला असतो; चार दिवसांचा नको.

सातवी पायरी: आता फोटो बाहेर काढा

इथवर आलात की तुमच्या आवडीच्या पाच-सहा फोटोंपैकी दोन-तीन आपोआप गळतात. उरलेल्यांतून रेषा, रंग आणि प्रमाण उचलावे, हुबेहूब नक्कल मागू नये.

मजल्यांच्या व्यासांत दोन-दोन इंचांचा फरक ठेवला तर नेहमीची पायऱ्यांची रचना होते. चार-चार इंचांचा ठेवला तर कडांवर फुलांना जागा मिळते. मंच मोठा आणि मागचा पडदा भरगच्च असेल तर केक साधा, एकरंगी आणि उंच हवा, नाहीतर तो पडद्यात हरवतो. शालू, पैठणी यांचे काठ केकवर उतरवण्याची मागणी अलीकडे वाढली आहे. पूर्ण केकभर मोर आणि नारळी काठ काढण्यापेक्षा एकाच मजल्याला बोटभर रुंदीचा सोनेरी काठ आणि बाकी कोरे अंग, हे डोळ्यांना शांत वाटते.

गडद रंगांबाबत सावध राहावे. मरून, काळा, गर्द निळा असा रंग क्रीममध्ये आणायला बराच रंग घालावा लागतो, चव कडवट होते, आणि वधूने पहिला घास घेतल्यावर दात व ओठ त्याच रंगाचे होतात. पुढचे सगळे फोटो त्याची साक्ष देतात. गडद रंग हवाच असेल तर तो साखरेच्या फुलांत किंवा रिबिनीत घ्यावा. सोनेरी चकाकीच्या डबीवर 'खाण्यायोग्य' असे लिहिलेले हवे. नुसते 'विषारी नाही' लिहिलेली चकाकी हस्तकलेची असते, पोटात घालायची नव्हे.

ताजी फुले सुंदर दिसतात, पण फूलबाजारातल्या फुलांवर कीटकनाशकाची फवारणी झालेली असते आणि काही फुले मुळातच विषारी असतात. कण्हेर चुकूनही केकजवळ येऊ देऊ नये. हायड्रेंजिया आणि डेकोरेटरच्या फुलदाण्यांतली बहुतेक विलायती फुलेही दूरच बरी. देशी गुलाब, मोगरा, शेवंती हे न फवारलेल्या ठिकाणाहून आणून, देठ टेपने गुंडाळून, छोट्या नळीत घालून खोचावेत म्हणजे चीक केकमध्ये उतरत नाही. कापण्यापूर्वी फुले काढून घ्यायची जबाबदारी कुणाची, हेही ठरलेले हवे.

आठवी पायरी: मागणी, वाहतूक आणि तो दिवस

तुळशीच्या लग्नानंतरचे आणि एप्रिल-मेचे मुहूर्त दाट असतात, तेव्हा तीन महिने आधी तारीख राखून ठेवावी. मुरवलेला फ्रूट केक हवा असेल तर त्याहूनही आधी. पाहुण्यांचा अंतिम आकडा दहा दिवस आधी कळवला तरी चालतो. मागणीच्या कागदावर किलो, मजल्यांचे व्यास, अंडे आहे की नाही, आवरण, प्रत्येक मजल्याची चव, पोहोचवण्याची वेळ, स्टँडची अनामत आणि फुलांचा वेगळा खर्च हे सर्व लिहून घ्यावे. बेकरी असो की घरगुती काम, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक विचारायला संकोचू नये.

दोनपेक्षा जास्त मजले असतील तर ते वेगवेगळ्या खोक्यांतून न्यावेत आणि जागेवरच रचावेत. प्रत्येक मजल्याखाली स्वतःचा पुठ्ठा आणि खालच्या मजल्यात उभ्या काड्या असतात. वरचे वजन स्पंजवर न येता त्या काड्यांवरून थेट तळाच्या बोर्डावर उतरते. गाडीत केक मांडीवर घेऊन बसणारा भाऊ हा सर्वांत वाईट उपाय आहे, कारण मांडी उतरती आणि गरम असते. डिकीचा किंवा मागच्या सीटखालचा सपाट भाग, त्यावर न घसरणारी जाळीदार चटई, एसी पूर्ण, आणि गतिरोधक दिसला की पहिला गिअर.

टेबल भिंतीलगत, दाराच्या झुळकीपासून आणि डीजेच्या स्पीकरपासून दूर असावे. ढोलाच्या ठोक्याने वरचा मजला मिलिमीटर-मिलिमीटरने सरकतो हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. थंड आतषबाजीच्या नळ्या केकपासून किमान काही फूट लांब ठेवायला सांगा आणि फेसाचा स्प्रे तर हॉलमध्येच आणू देऊ नका. तो केकवर पडला की केक टाकून द्यावा लागतो, आणि पेटत्या मेणबत्तीजवळ तो भडकतो.

केकसोबत येणारी रिबीन बांधलेली प्लास्टिकची सुरी फोटोपुरती असते. फ्रूट केकवर ती वाकते आणि फॉन्डंटला नुसता वळ उमटवते. घरून दहा इंचांची दातेरी सुरी, गरम पाण्याचे उंच भांडे आणि पुसायला स्वच्छ फडके घेऊन एक विश्वासू व्यक्ती, शक्यतो फोटोत यायची घाई नसलेली मावशी किंवा काका, टेबलाजवळ उभी करावी. वधूवरांनी सुरी तळाच्या मजल्यात, कडेपासून दोन इंच आत लावावी. वरच्या मजल्यात लावली की सगळे शिखर हलते. फोटो झाल्यावर मजले वरून खाली उतरवावेत, काड्या मोजून काढाव्यात, म्हणजे कुणाच्या ताटलीत जाणार नाहीत. मग केकचे त्रिकोण न करता आधी एक इंच रुंदीची सरळ पट्टी कापावी, ती आडवी करावी आणि तिचे दोन-दोन इंचांचे तुकडे करावेत. प्रत्येक कापणीला सुरी गरम पाण्यात बुडवून पुसली की थर स्वच्छ दिसतात.

वरचा छोटा मजला लग्नाच्या पहिल्या वाढदिवसासाठी ठेवण्याची हौस असेल तर ती फ्रूट केकचीच पुरवावी. क्रीमचा केक फ्रिजमध्ये दोन दिवसांत संपवावा. लोण्याचा किंवा मावा केक उरला तर तो आधी उघडाच तासभर फ्रीझरमध्ये कडक करून घ्यावा, मग प्लास्टिकच्या पातळ आवरणाचे दोन वेढे आणि वर ॲल्युमिनियम फॉइल लावून पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवावा. महिनाभर तो चांगला राहतो. बाहेर काढताना गुंडाळी न सोडता रात्रभर खालच्या फ्रिजमध्ये ठेवावा, नाहीतर बाहेरचे दव केकवर बसून आवरण ओले होते.